चौदा अंशांवरचा तेजोमेघ

माझ्या अभ्यासाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर गेली अडीच वर्षे एक चित्र चिकटवलेले आहे. जेम्स वेब दुर्बिणीच्या पहिल्या छायाचित्रांपैकी ते एक असून १२ जुलै २०२२ रोजी ते प्रसिद्ध झाले तेव्हा मी बारावीत होते. खाली तांबूस-तपकिरी रंगाचे कडे, त्यांच्यावर वाफेसारखे काहीतरी उठत असलेले आणि वर निळसर आकाशात विखुरलेले तारे, असे ते दृश्य आहे. घरी येणारे पाहुणे हमखास 'हा कुठला घाट?' असे विचारतात. एका मावशीने तर आंबोली म्हणून ओळखलेही होते. ते कडे म्हणजे वायू आणि धूळ असून त्यांतील सर्वांत उंच सुळका सुमारे सात प्रकाशवर्षे उंच आहे, हे सांगितल्यावर पाहुण्यांचे चहाकडे लक्ष जाते.

मागच्या ऑक्टोबरात तारकानकाशा चाळताना लक्षात आले की ही जागा आपल्या आकाशात आहे. एनजीसी ३३२४ नावाच्या तेजोमेघाची, म्हणजे वायू-धुळीच्या ढगाची, ती कड असून तो कॅरिना तारकासमूहातील मोठ्या तेजोमेघाच्या शेजारी, आपल्यापासून सुमारे ७,६०० प्रकाशवर्षांवर आहे. खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातील रेषेच्या) दक्षिणेला जवळजवळ साठ अंशांवर असलेली ही वस्तू दिल्लीहून क्षितिजावर जेमतेम अडीच-तीन अंश येते, म्हणजे दिसत नाहीच. कोल्हापूरचे अक्षांश १६.७ असल्यामुळे आपल्याकडे मात्र ती चौदा अंशांपर्यंत चढते. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. म्हणजे दक्षिण क्षितिजापासून दीड मुठीपेक्षाही थोडे कमी. जानेवारीच्या अखेरीस ती पहाटे तीनच्या सुमारास सर्वांत वर येते आणि २९ जानेवारीला अमावास्या होती. यापेक्षा चांगला योग मिळणार नव्हता.

सोमवार, २७ जानेवारी २०२५ : पन्हाळा

मी आणि माझी मैत्रीण दुपारी निघालो. सोबत १३० मिलिमीटर आरशाची, उसनी आणलेली न्यूटनी दुर्बीण, तिच्या दोन नेत्रिका (डोळा लावायची भिंगे), एक द्विनेत्री, लाल जिलेटीन कागद गुंडाळलेली विजेरी आणि कोरी वही एवढे सामान होते. आईचा या सहलीला विरोध होता. परंतु पन्हाळ्याच्या आत्याने फोनवर 'नारळीकर पण आपल्या कोल्हापुरातच जन्मल्यात, मी बोलतो तुझ्या आईशी,' असे म्हणून तो मोडून काढला.

गळीत हंगाम भरात असल्यामुळे वाटेत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर मोठ्या आवाजात गाणी लावून चालले होते. या हंगामाचा आकाशाशी काय संबंध हे मला त्या रात्री कळले. कारखान्यांची धुराडी, गुऱ्हाळे आणि पेटवलेले पाचट यांचा धूर संध्याकाळी थंड हवेखाली दबून राहतो आणि क्षितिजालगत करड्या रंगाचा एक पट्टा तयार होतो. गडाच्या उंचीवरून तो स्पष्ट दिसत होता. कोल्हापूर शहराच्या दिव्यांनी त्याची आग्नेय बाजू नारिंगी केली होती.

त्या आठवड्यात प्रत्येकाच्या मोबाइलवर 'सहा ग्रहांची परेड' फिरत होती. चित्रात सगळे ग्रह माळेतील मण्यांसारखे एका ओळीत, शेजारी शेजारी आणि लिंबाएवढे मोठे दाखवले होते. आत्याच्या शेजारची चार-पाच मुले ते चित्र घेऊनच गच्चीवर आली. प्रत्यक्षात पश्चिमेला शनी, त्याच्या वर झगझगीत शुक्र, डोक्याजवळ रोहिणीच्या सोबत गुरू आणि पूर्वेला पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ तांबूस मंगळ, असे ते साऱ्या आकाशभर पसरलेले होते; युरेनस आणि नेपच्यून तर नुसत्या डोळ्यांना दिसणारच नव्हते. ग्रह एका ओळीत असतात हे खरे, कारण ते सूर्याभोवती जवळपास एकाच पातळीत फिरतात. परंतु ती ओळ क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जाते आणि ती पाहायला मान पूर्ण वळवावी लागते. मुलांची थोडी निराशा झाली. त्यात शनीने भर घातली. कॅसिनी यानाच्या छायाचित्रांतली रुंद, तबकडीसारखी कडी पाहिलेल्या मुलांना दुर्बिणीत एका पिवळसर ठिपक्यातून आरपार गेलेली सुई दिसली. साधारण पंधरा वर्षांतून एकदा शनीची कडी आपल्याला नेमकी कडेने दिसतात आणि तो क्षण येत्या मार्चवर येऊन ठेपला होता. वही काढून ती सुई मी रेखाटली. कड्यांसह शनी असा मला यापूर्वी कधीच दिसला नव्हता आणि पुन्हा दिसायला मी पस्तिशीला टेकलेली असेन.

पहाटे तीनला आम्ही पुन्हा उठलो. दक्षिणेला चार ताऱ्यांचा क्रूस दिसल्यावर 'हाच त्रिशंकू' असे ठरवून नकाशाप्रमाणे त्याच्या उजवीकडे शोध सुरू केला आणि पाऊण तास शोधूनही तिथे काहीच सापडले नाही. चूक सकाळी चहा पिताना उमगली. आम्ही धरला होता तो खोटा त्रिशंकू. त्या भागात असे दोन क्रूस आहेत आणि खरा, आकाराने लहान त्रिशंकू त्या वेळी धुराच्या पट्ट्यात बुडालेला होता. हवा तो तेजोमेघ दोघांच्या मधोमध असतो. आम्ही पाऊण तास त्याच्याकडे पाठ फिरवून उभ्या होतो.

मंगळवार, २८ जानेवारी : गगनबावड्याकडे

दुर्बिणीची नळी मांडीवर घेऊन एसटीने प्रवास केला. कंडक्टरने 'पाण्याचा बंब हाय व्हय?' असे विचारले आणि बंबाचे तिकीट काही लावले नाही. गगनबावड्याच्या अलीकडच्या एका वाडीत माझ्या मामांचे घर आहे. रात्री दुर्बीण व्याधाकडे वळवली तेव्हा तारा ठिपक्यासारखा न दिसता शेपूट फुटलेल्या धूमकेतूसारखा दिसू लागला. खड्ड्यांनी आरशाची जुळणी बिघडवली होती. नळीच्या मागचे तीन स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवायचे आणि पुन्हा डोळा लावायचा, हा उद्योग रात्री अकरापर्यंत चालला. हबल या अवकाशातल्या दुर्बिणीची आठवण झाली नाही असे नाही. तिच्या २.४ मीटर आरशाची कड केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाएवढी जास्त घासली गेली होती आणि १९९० मध्ये सोडलेल्या त्या दुर्बिणीला नीट दिसू लागायला डिसेंबर १९९३ उजाडावा लागला. माझे काम स्क्रूड्रायव्हरवर भागले.

बुधवार, २९ जानेवारी : अमावास्या

दिवसभर झोप काढली. संध्याकाळी मामींनी भाकरी, पिठले आणि खर्डा असे जेवण दिले आणि साडेआठला आम्ही घरामागच्या सड्यावर गेलो. गवे फिरतात म्हणून मामा सोबत आले आणि त्यांनी आणलेली बॅटरी एवढी प्रखर होती की तिच्या उजेडात पलीकडच्या डोंगरावरचे झाड दिसत होते. अंधारात डोळा पूर्ण तयार व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका झोतात ती सगळी मेहनत वाया जाते, हे त्यांना समजावणे कठीण गेले. 'गवा आला तर तुझ्या तांबड्या काजव्यानं बघू व्हय?' हा त्यांचा मुद्दाही चुकीचा नव्हता. शेवटी आवाज आला तरच बॅटरी लावायची, या बोलीवर तह झाला.

साडेनऊच्या सुमारास मृग नक्षत्र जवळजवळ मध्यावर आले. मृगाच्या पट्ट्याखालचा तेजोमेघ मी आधी पाहिलेला होता, पण कोल्हापुरातल्या गच्चीवरून. इथे तो नुसत्या डोळ्यांनाही पुसट धुक्यासारखा जाणवत होता. २६ पट वर्धनाने त्याच्या मधोमध समलंब चौकोनातले चार तारे स्वच्छ सुटे दिसले. भोवती पंख पसरल्यासारखा करडा, अगदी किंचित हिरवट उजेड आणि त्यात एका बाजूने घुसलेली काळी खाच होती. छायाचित्रातला गुलाबी आणि जांभळा रंग कुठेच नव्हता. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांतील ज्या पेशी काम करतात त्यांना रंग ओळखता येत नाही, हे पुस्तकातले वाक्य इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कशानेही पटले नसते. परंतु थेट न पाहता नजर थोडी बाजूला नेली की पंखांची टोके आणखी लांब वाढत आणि पुन्हा थेट पाहिले की आखडत; छायाचित्रात ही गंमत नाही.

पेन्सिलने चित्र काढायला मला ४० मिनिटे लागली. याच तेजोमेघाचे पहिले छायाचित्र हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी घेतले तेव्हा प्रकाश टिपणारी काच ५१ मिनिटे उघडी ठेवावी लागली होती. डोळ्याला मात्र प्रकाश साठवून ठेवता येत नाही. त्याच्या हिशेबात प्रत्येक क्षण नव्याने सुरू होतो. छायाचित्र आणि नजर यांत मला वाटणारा सर्वांत मोठा फरक हाच आहे, रंगाचा नंतर येतो. ४० मिनिटांत मी जे पाहिले ते वहीत साठत गेले, म्हणजे काच म्हणून वही वापरली एवढेच.

व्याधाच्या चित्रात मी चार किरणेही काढली आहेत. ताऱ्याला किरणे नसतात. आमच्या नळीत दुय्यम आरसा धरून ठेवणाऱ्या चार पट्ट्या आहेत आणि त्यांच्यावरून प्रकाश वाकल्यामुळे ती उमटतात. भिंतीवरच्या माझ्या चित्रातल्या ताऱ्यांना सहा मोठी आणि दोन लहान किरणे आहेत; मोठी सहा वेबच्या षट्कोनी तुकड्यांच्या आरशामुळे आणि लहान दोन दुय्यम आरसा धरणाऱ्या दांड्यांमुळे उमटतात. कोणत्याही छायाचित्रात असा तारा दिसला की ते कोणी काढले हे खाली न वाचताही सांगता येते.

मध्यरात्री मामा घोंगडे पांघरून कातळावर झोपले. पावणेतीनला मी त्यांना उठवले नाही. दक्षिणेला राधानगरीच्या जंगलाची दिशा आहे आणि तिकडे एकही दिवा नव्हता. उजवीकडे खोटा त्रिशंकू कलत होता, डावीकडे खरा त्रिशंकू आडवा पडून वर येत होता आणि दोघांच्या मध्ये, झाडांच्या शेंड्यांवर सुमारे एक मूठ आणि दोन बोटे, आकाशगंगेचा एक तुकडा बाकीच्या पट्ट्यापेक्षा उजळ दिसत होता. तो नुसत्या डोळ्यांना दिसत होता. मैत्रिणीने माझा दंड धरला तो सोडलाच नाही, त्यामुळे दुर्बीण एका हाताने फिरवावी लागली.

इतक्या खाली पाहताना डोक्यावरच्या हवेच्या सुमारे चौपट हवा मध्ये येते आणि त्यामुळे तारे उकळत्या पाण्यातल्या तांदळासारखे नाचत होते. तरीही कॅरिनाचा मोठा तेजोमेघ दुर्बिणीत आला आणि त्याचे तुकडे करणारी गडद व्ही-आकाराची रेघ ओळखता आली. रेघेजवळचा नारिंगी छटेचा तारा म्हणजे ईटा कॅरिनी. १८४३ मध्ये काही काळ तो व्याधाखालोखाल तेजस्वी झाला होता. थोडे डावीकडे सरकवल्यावर एनजीसी ३५३२ हा तारकागुच्छ आला आणि सारे दृश्य बारीक ताऱ्यांनी भरून गेले. हबलने २० मे १९९० रोजी घेतलेले पहिले छायाचित्र याच गुच्छाच्या एका भागाचे आहे. कृष्णधवल, मोजक्या ताऱ्यांचे ते चित्र कोणी भिंतीवर लावलेले मी पाहिलेले नाही.

आणि ज्याच्यासाठी आले होते ते? एनजीसी ३३२४ च्या जागी मध्ये एक तारा नक्की होता. त्याच्याभोवती श्वासाची वाफ काचेवर बसावी इतका फिकट उजेड होता. पण तेवढ्यात माझ्या श्वासाची वाफ खरोखरच नेत्रिकेवर बसली. पुसून पुन्हा पाहिले, नजर बाजूला नेऊन पाहिले. मैत्रिणीला दिसला, मला दोनदा दिसला आणि तीनदा नाही. वहीत मी त्याच्यापुढे 'शंकास्पद' असे लिहिले.

गुरुवार, ३० जानेवारी : पट्टी आणि चाल

सकाळी अंगणात बसून मी मामांना मोबाइलवर भिंतीवरचे चित्र दाखवले आणि मग वहीतला करडा डाग दाखवला. त्यांनी दोन्ही पुन्हा पुन्हा पाहिले. 'मग ह्यो फोटू खोटा म्हणायचा का?' या त्यांच्या प्रश्नाला मी लांबलचक उत्तर दिले. वेब दुर्बीण आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपते. या चित्रासाठी तिने सहा वेगवेगळ्या गाळण्यांतून सहा कृष्णधवल छायाचित्रे घेतली. मग वेबचे काम पाहणाऱ्या बाल्टिमोरच्या संस्थेत जोसेफ डिपास्क्वाले आणि अलिसा पेगन यांनी प्रत्येक छायाचित्राला एकेक रंग दिला. तो मनाला येईल तसा नाही: आखूड तरंगलांबीच्या प्रकाशाला निळसर, लांब तरंगलांबीच्या प्रकाशाला लालसर आणि मधल्यांना मधले, हा क्रम साधारणपणे पाळला.

मामा वाडीच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. ते म्हणाले, 'म्हंजे पट्टी बदलली, चाल तीच ठेवली.' बुवांचा आवाज बसला की काळी चारचा अभंग ते पांढरी दोनमध्ये धरतात. स्वर खाली येतात, पण एका स्वरापासून दुसऱ्याचे अंतर बदलत नाही, त्यामुळे अभंग ओळखू येतो. इतके नेमके उत्तर मी अडीच वर्षांत कोणाला दिले नव्हते. फक्त कोणत्या स्वराला किती जोर द्यायचा, कुठे उजेड वाढवायचा, कुठे दाबायचा, हे तिथेही वाजवणाऱ्याच्या हातात राहते, असे मी जोडले. 'त्ये तर ऱ्हाणारच की,' म्हणून ते म्हशीकडे गेले.

संध्याकाळी घाटमाथ्याच्या कडेला गेलो. खाली कोकण धुरकट होते. अमावास्या आदल्या संध्याकाळी सहाच्या सुमारास संपलेली असल्यामुळे चंद्र अवघ्या २४ तासांचा होता. सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी मैत्रिणीने त्याला द्विनेत्रीत पकडले: नखाच्या कातरलेल्या कडेएवढी कोर, होडीसारखी संपूर्ण आडवी. आपल्या अक्षांशावरून या दिवसांत सूर्यमालेची पातळी संध्याकाळी क्षितिजाला जवळजवळ काटकोनात उभी राहते, म्हणून कोर आडवी आणि तिच्यावर शनी व शुक्र जिन्याच्या पायऱ्यांसारखे. चंद्र बुडून पूर्ण अंधार झाल्यावर त्याच जिन्यावर उभा, निमुळता, दुधट उजेड दिसू लागला. मला आधी तो रत्नागिरीकडच्या कुठल्या शहराचा वाटला. तो राशिप्रकाश होता. ग्रहांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवरून परावर्तित होणारे ऊन. शुक्र त्याच्या मधोमध होता.

पहाटे ढग आले. 'शंकास्पद' तसेच राहिले.

शुक्रवार, ३१ जानेवारी : कोल्हापूर

परत आलो तो किरणोत्सवाचा दिवस होता. परंपरेने ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या चरणांपासून वर चढत जातात. गर्दीमुळे गाभाऱ्याजवळ जाण्याचा प्रश्नच नव्हता; मी महाद्वाराजवळ पाठ भिंतीला लावून दगडी फरशीवरचे ऊन पाहत उभी राहिले. या दोन तारखा २१ डिसेंबरपासून दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्याच अंतरावर, सुमारे ४१ दिवसांवर आहेत, म्हणून सूर्य दोन्ही वेळी एकाच जागी, पश्चिमेपासून सुमारे अठरा अंश दक्षिणेला मावळतो. नोव्हेंबरात तो दक्षिणेकडे जाताना आणि आता उत्तरेकडे परतताना. रोज तो आपल्या बिंबाच्या निम्म्याहून थोडा अधिक सरकतो, त्यामुळे तीन दिवसांत दोन बिंबांएवढीही जागा बदलत नाही आणि तेवढ्यातच हा सोहळा बसवलेला आहे. इथे ना भिंग होते ना आरसा; इमारत हेच उपकरण होते. मात्र त्यालाही जुळणी लागतेच, कारण समोरच्या बाजूला वाढलेल्या बांधकामांच्या अडथळ्यांची चर्चा दरवर्षी होते.

शनिवार, १ फेब्रुवारी : रंकाळा

दुर्बीण सोमवारी परत करायची होती, म्हणून शेवटची संध्याकाळ रंकाळ्याच्या काठावर लावली. चंद्रकोर आणि शुक्र यांच्यात मुठीएवढेही अंतर नव्हते. लोक चंद्र पाहायला रांगेत येत आणि शुक्रापाशी थबकत, कारण दुर्बिणीत तोही कोरीच्या आकाराचा, अर्ध्यापेक्षा थोडा कमी उजळलेला दिसत होता. बऱ्याच जणांना मी दुर्बीण चुकून चंद्राकडेच ठेवली आहे असे वाटले.

गिऱ्हाईक कमी झाल्यावर भेळेच्या गाडीवरचे काका हात पुसत आले. एक डोळा हाताने झाकून त्यांनी बराच वेळ पाहिले. 'ताई, अर्धाच हाय की ह्यो. बाकीचा कुठं गेला?'

मी त्यांच्या गाडीवरून पाणीपुरीची एक पुरी उचलली आणि वर लोंबणाऱ्या दिव्यासमोर धरली. दिव्याच्या पलीकडे नेली की ती पूर्ण उजळलेली दिसे. बाजूला आणली की अर्धी. दिवा आणि आपला डोळा यांच्या मध्ये यायला लागली की तिची कडच तेवढी चमके, आणि जवळ आल्यामुळे ती मोठीही दिसे. शुक्र आता तसाच आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येतो आहे, मार्चच्या शेवटी तो पार बारीक होईल, असे मी सांगितले. काकांनी पुरी माझ्या हातातून घेतली, स्वतः दोनदा फिरवून पाहिली, पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला आणि तेवढ्यात गाडीवर कोणीतरी दोन ओल्या भेळी मागितल्या. जाताना ती पुरी त्यांनी बरणीत परत टाकली नाही, दिव्याखाली तशीच ठेवली.